माझे नाव अत्तर नव्हते

मित्रांनो, मी एक जुना, पोचे पडलेला पत्र्याचा डबा आहे. कारखान्यात माझ्या अंगावर लाल चिठ्ठी चिकटवली गेली. तिच्यावर कवटीचे चित्र होते आणि नाव होते, बेंझीन. पाण्यासारखा नितळ, गोडसर वासाचा द्रव पोटात घेऊन मी एका छापखान्यात आलो.

तिथे छपाईचे यंत्र चालवणारे मशीनकाका माझ्यावर भलतेच खूश होते. यंत्राच्या रुळांवर वाळलेली शाई मी चुटकीसरशी काढत असे. सुटी झाली की काका मला ओंजळीत ओतून हात चोळत आणि नखेसुद्धा लख्ख करून घरी जात. खिडकी उघडली की कागद उडत, म्हणून ती बंदच असे. शाईने चिठ्ठी काळी पडली, तेव्हा काकांनीच गमतीने माझ्यावर रंगाने लिहिले, 'अत्तर'. मग सगळे मला तेच म्हणू लागले. खोटे कशाला बोलू, मी अगदी फुशारून गेलो होतो.

पुढे काका थकू लागले. जरा धक्का लागला की अंगावर काळेनिळे डाग उठत. रक्त तपासल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारले, कामावर कुठले रसायन हाताळता का? काका सरळ मनाने नाही म्हणाले. त्यांच्या लेखी रसायन म्हणजे ॲसिड, मी तर अत्तर. औषधे घेत ते कामावर येत राहिले आणि माझ्यानेच हात धूत राहिले. मला तोंड होते, पण वाचा नव्हती.

काकूंना मात्र त्यांच्या सदऱ्याचा वास खटकत होता. एक दिवस छापखान्यात येऊन त्यांनी मला पिशवीत घातले आणि काकांसह थेट दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी आधी खिडकी उघडली, मग शाई खरवडून चिठ्ठी वाचली.

"हे बेंझीन आहे. श्वासातून, कातडीतून आत जातं आणि हाडांत जिथे रक्त तयार होतं, तिथेच घाव घालतं. रक्ताचा कर्करोग होतो यानं."

काकांनी माझ्यावरच्या 'अत्तर' या अक्षरांवरून बोट फिरवले. "आणि नाव मीच ठेवलं," ते म्हणाले.

त्यानंतर ते एकदाच, मला परत घेऊन, छापखान्यात आले. रिकाम्या झालेल्या माझ्या अंगावरचे 'अत्तर' त्यांनी पुसले आणि थरथरत्या हाताने 'बेंझीन' लिहिले. काही आठवड्यांनी ते गेले.

आता इथे खिडक्या उघड्या असतात आणि सगळे साबणाने हात धुतात. मी फळीवर बसून असतो. ज्या हातांनी माझे लाड केले, त्यांनाच मी विष दिले. मित्रांनो, गोड वासाला भुलू नका. डब्याला लाडाचे नाव ठेवण्याआधी त्याचे खरे नाव वाचा. माझे नाव काकांनी फार उशिरा लिहिले. अक्षरे वाकडी आहेत, पण अजून स्पष्ट दिसतात.