कच्चा अक्रोड

"मॅडम, परत एकदा करा ना," काळूराम म्हणाला.

ज्ञानदा मॅडमनी परीक्षानळीतल्या जांभळ्या द्रावणात कच्च्या अक्रोडाच्या अर्काचे थेंब सोडले. बघता बघता जांभळा रंग विरला आणि पिवळट पाणी उरलं. वसईच्या त्या कॉलेजच्या लॅबमध्ये बाटल्या विसळण्यात काळूरामची अर्धी हयात गेली होती. रंग बदलण्याचं त्याला काय कौतुक! पण आज तो टाचा उंचावून बघत होता.

"यालाच अँटिऑक्सिडंट म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "लोखंडाला गंज चढतो ना, तशीच शरीराची झीज होते. ती रोखणारे घटक कच्च्या फळात किती असतात, ते मोजतेय."

फळं त्यांच्या मैत्रिणीने काश्मीरहून बर्फात घालून धाडली होती. हिरवीगार, लिंबाएवढी, आत कवचही धरलं नव्हतं.

काळूरामच्या डोळ्यांपुढे मात्र बायकोचे हात होते. कॅन्सरच्या औषधांच्या सुया टोचून टोचून हंसाच्या हातांवर असेच जांभळे डाग पडले होते.

"एक द्याल, मॅडम? हंसासाठी."

हो म्हणणं किती सोपं होतं! पण त्या बाईला खोटं बोलता येत नसे.

"काळूराम, हे नळीत होतंय. माणसाच्या पोटात काय होईल, मला माहीत नाही. हे औषध नाही हो."

"समजतंय मला. पन रोज रिकाम्या हातानं घरी जायला नको वाटतं."

मॅडमनी फ्रीज उघडला. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय गिळू देऊ नका. फार तर जिभेला लावा."

निर्मळ गावातल्या घरी हंसा ओटीवर बसली होती. औषधं सुरू झाल्यापासून तिच्या जिभेची चवच गेली होती. कोळंबी काय नि माती काय, सगळं सारखंच.

"ही कच्ची सुपारी कशाला आनलीत?"

"अक्रोड हाय. काश्मीरचा."

"मला शिकवता? अक्रोड काय हिरवा असतो?"

काळूरामने विळीवर पातळ फोड केली. फळाच्या रसाने त्याची बोटं काळी झाली. "गिळायचं नाय हां. नुसतं चाटायचं."

हंसाने चाटलं आणि सगळा चेहरा आवळला. "थू! कडूजहर!"

तो पाण्याला धावला आणि दारातच थबकला. "हंसा, कडू लागलं तुला?"

"मग काय गोड लागनार?" ती म्हणाली, आणि तिच्याही ध्यानात आलं. "आना बघू इकडं." तिने परत चाटलं, तोंड वाकडं केलं आणि खळखळून हसली.

आजार होता तिथेच होता. एवढं न कळण्याइतका तो भोळा नव्हता.

संध्याकाळी दोघं जेवायला बसली. हंसाने पहिला घास घेतला, थांबली, दुसरा घेतला.

"कालवनात मीठ नाय."

"असं कसं? रोजच्यासारखंच केलंय."

"मग रोजच नसेल. मला कुठं कळत होतं? तुमी इतकं राबून करता, म्हनून चांगलं झालंय बोलायची. आता नाय बोलनार."

काळूराम मीठ आणायला उठला. बरणी हाती लागली, तरी फळीकडे तोंड करून तो तसाच उभा राहिला.

"अवो, मीठ आनायला मिठागरात गेलात काय?"

"आनतो गं," तो म्हणाला. पण वळायला त्याला जरा वेळ लागला.