लाल तारखेवरचं तिकीट

मित्रांनो, मी एक जुनी जपानी दिनदर्शिका आहे, १९८६ सालची. जुनी झाले याचं मला काही वाटत नाही. एका तारखेची मात्र अजून लाज वाटते.

टोकियोतल्या छापखान्यात माझा जन्म झाला. जपानच्या राष्ट्रीय सुट्ट्या माझ्यावर लाल शाईत छापल्या होत्या. मुलांचा एक दिवस, पूर्वजांची आठवण काढायचा एक. त्या लाल आकड्यांचा मला भारी तोरा होता! मोरिता नावाच्या संशोधकाने मला अमेरिकेत, ॲन आर्बरला आणलं आणि तिथल्या प्रयोगशाळेत त्याच्यासोबत काम करणाऱ्या गुरुदत्तला भेट म्हणून दिलं. त्याच्या बायकोने, सुलेखाने, मला स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी टांगलं. मुलीच्या, म्हणजे दीपाच्या, शाळेच्या सहली माझ्यावर लिहिल्या जात. जपानी कुणालाच येत नव्हतं, पण माझ्या चित्रांचं कौतुक होई.

एप्रिलमध्ये गुरुदत्तचे वडील, आबा, नागपूरहून आले. नाताळपर्यंत राहणार होते. ते रोज धोतर धुऊन बाल्कनीच्या कठड्यावर वाळत घालत. बिल्डिंगच्या मॅनेजरने तक्रार केली, शेजारी बघू लागले, आणि गुरुदत्तला वडिलांचीच शरम वाटू लागली. शेवटी तो म्हणाला, "आबा, इथली थंडी तुम्हाला झेपणार नाही." मग पेन घेऊन त्याने माझ्या पंधरा सप्टेंबरवर लिहिलं, 'आबांचं तिकीट'. तो आकडा लाल होता. मला बोलता आलं असतं तर मी किंचाळले असते.

आदल्या शनिवारी मोरिता जेवायला आला. मला पाहून खूश झाला. त्याने इंग्रजीत विचारलं, "पंधराला आमच्याकडे वृद्धांच्या सन्मानाची सुट्टी असते. तू वडिलांसाठी काय ठरवलंयस?"

"दॅट्स आजोबाज फ्लाइट," दीपा म्हणाली.

गुरुदत्तने मान खाली घातली. आबा निवृत्त मास्तर, त्यांना सगळं कळलं. ते हसून मोरिताला म्हणाले, "आय आस्क्ड फॉर दॅट डेट. टू कोल्ड हिअर."

पाहुणा गेल्यावर गुरुदत्त त्यांच्याजवळ बसला. "आबा, तिकीट कॅन्सल करतो. राहा ना."

"नको रे. आता राहिलो तर तू लाजेखातर ठेवलंस, असंच मला वाटत राहील."

पंधराला आबा गेले. नवं वर्ष आलं आणि मीही कपाटात गेले.

मित्रांनो, आमच्यावर खुशाल लिहा. फक्त पेन टेकवण्याआधी, तो दिवस कुणाचा आहे, एवढं विचारा.