एकशे चौदावा काप

"सर, दुसरी कुठं गेली?" मी विचारलं.

राजवर्धन सर मोठ्या पडद्यावर लिव्हर फिरवून बघत होते. गुलाबी लिव्हर, निळ्या शिरा आणि एका अंगाला नारळाएवढी पिवळी गाठ. दिल्लीची समिती अकराला येणार होती. आत्ता पावणेदहा वाजले होते आणि सरांनी तेवढ्यात कोट दोनदा घालून दोनदा काढला होता.

"दुसरी काय?"

"गाठ, सर. ह्या पेशंटला दोन हायत. ही मोठी, आणि तिच्या मागं शिरेला चिकटून एक बारकी, हरभऱ्याएवढी. मी दोन्ही आखल्यात. हितं एकच दिसतीय."

"वर्षाराणी, आज नको," सर म्हणाले. "आज काहीही नको."

आज नको! तीन वर्षं मी हेच ऐकत आले होते. खुर्ची मोडली, आज नको. माउस अडकतो, आज नको. पण खुर्ची वेगळी आणि माणसाच्या पोटातली गाठ वेगळी.

मी वर्षाराणी साळोखे. कोल्हापुरात सरकारी दवाखान्यात सीटी स्कॅनवर टेक्निशियन आहे, एकोणीस वर्षं झाली. राजवर्धन सर इंजिनिअरिंग कॉलेजचे. त्यांनी दिल्लीहून सरकारी प्रकल्प आणला आणि आमच्याच दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळा थाटली. स्कॅनच्या फोटोंवरून कॉम्प्युटरमध्ये आख्खं लिव्हर उभं करायचं, म्हणजे सर्जनला चाकू लावायच्या आधी ते सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येईल. कल्पना झकास, पण लिव्हर कुठं संपतं आणि जठर कुठं सुरू होतं हे कॉम्प्युटरला कुणीतरी आधी शिकवायला हवं. ते कुणीतरी म्हणजे मी. दुपारपर्यंत खाली मशीन, दुपारनंतर वर प्रकल्प.

एका पेशंटच्या पोटाचे दोन-अडीचशे काप असतात, पावाच्या लादीच्या चकत्या कराव्यात तसे. प्रत्येक कापावर माउसनं लिव्हरची कड आखायची, मग शिरांची, मग गाठीची. वरची पोरं त्याला रांगोळी म्हणायची आणि मला रांगोळीवाल्या मॅडम. म्हणू देत. दोनशे बारा पेशंटच्या रांगोळ्या काढल्या मी. चष्म्याचा नंबर दोनदा वाढला आणि उजव्या मनगटाला पट्टा आला. सरांच्या संशोधनाच्या पेपरात शेवटी बारीक अक्षरात 'तांत्रिक साहाय्य' असं छापून आलं, नाव नव्हतं.

पडद्यावरचं लिव्हर गुंडू नावाच्या माणसाचं होतं. गारगोटीकडचा, मेंढरं राखणारा, चाळिशीचा. कुत्र्या-मेंढरांत राहणाऱ्यांच्या पोटात कधीकधी एक जंत जातो आणि लिव्हरमध्ये पाण्याच्या गाठी धरतात. त्या न फोडता काढाव्या लागतात. नकळत चाकू लागून एखादी फुटली, तर आतलं पाणी पोटभर पसरतं आणि माणूस टेबलावरच जाऊ शकतो. गुंडूचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी आठला होतं, आणि चौगुले डॉक्टर ते आमच्या चित्रावरून करणार होते. समितीसमोर मिरवायला सरांनी हा पेशंट निवडला होता तो त्यासाठीच.

मी आदितीला गाठलं. आदिती जयसिंगपूरची, प्रोग्राम लिहिणारी. पोरगी हुशार आणि मनानं साफ. तिनं माझी मूळ फाइल उघडली. एकशे बाराव्या कापापासून एकशे सोळाव्यापर्यंत बारकी गाठ होती की! एकशे चौदाव्यावर तर आंधळ्यालाही दिसावी. आदितीनं माझ्याकडं बघायचं टाळलं.

"मॅडम, रागवू नका. ती फिल्टरनं उडवली."

"कसलं फिल्टर?"

"दिवाळीत घातलंय. तुमच्या फायलीत ठिपके यायचे ना. दुपारनंतर तुमचा हात थकला की क्लिक दोनदा पडतंय. मग लिव्हरभर पिवळे ठिपके, देवी आल्यासारखे. सर म्हणाले, असलं घाण चित्र समितीला कसं दाखवायचं? म्हणून मी प्रोग्रामला सांगितलं, गाठीचा सगळ्यात मोठा तुकडा ठेव आणि बाकीचा कचरा काढून टाक."

"आणि मला सांगितलं न्हाईस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

तोंडात मारल्यासारखं झालं मला. म्हणजे सुरुवात माझ्याच मनगटानं केली होती! लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला. एकदा तोंडावर सांगितलं असतं, मॅडम, तुमचे ठिपके पडतात, तर मी घरी न जाता एकेक ठिपका पुसत बसले असते. पण नाही. मॅडमना वाईट वाटू नये म्हणून सगळे गोड बोलत राहिले, आणि तिकडं माणसाची खरी गाठ कचऱ्यात गेली.

"काढ मग ते फिल्टर. आत्ताच्या आत्ता."

"सरांनी फाइल बंद करून ठेवलीय. समिती कोल्हापूर सोडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही म्हणालेत."

मी जिना उतरून थेट ओपीडीत गेले. चौगुले डॉक्टरांच्या दारात ही गर्दी. मी मधेच घुसले. मागून दोघांनी शिव्या घातल्या, त्या ऐकून घेतल्या.

"डॉक्टर, उद्याच्या गुंडूला दुसरी गाठ हाय."

"रिपोर्टात एकच आहे."

"रिपोर्ट बाहेरनं येतोय, डॉक्टर. आपल्याकडं स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांची जागा दोन वर्षं रिकामी हाय. बाहेरच्यांच्या नजरेतनं सुटली असंल."

"आणि तुमच्या कॉम्प्युटरच्या नजरेतनंही सुटली?" डॉक्टरांनी पेन टेबलावर टाकलं. "पडद्यावर मी स्वतः बघितलंय, एकच गाठ आहे. तीन वर्षं माझ्या मागं लागलाय, 'डॉक्टर, आमच्या चित्रावर विश्वास ठेवा' म्हणून. आता ठेवला, तर तुम्हीच नको म्हणताय? काय ते एकदा ठरवा आणि मग या."

"मूळ काप बघा की. एकशे चौदावा. एक मिनिट लागंल."

"बाई, तुम्ही टेक्निशियन आहात. फोटो काढायचे. वाचायचे नाहीत."

पुढचा पेशंट आत आला आणि शर्ट वर करून उभा राहिला. मी बाहेर आले. डॉक्टरांचं काय चुकलं? नियम तोच आहे. मी एकोणीस वर्षं तो पाळला होता.

समितीत तिघं होते. सरांनी दिवे मालवले, लिव्हर फिरवलं. मधल्या बाईंनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि म्हणाल्या, "कितना साफ है!" सरांचा चेहरा असा फुलला की बस. मी मागच्या रांगेतून उठले.

"मॅडम, इसमें एक..."

"वर्षाराणी," सर हसतहसत म्हणाले, "चहाचं जरा बघता का?"

आणि मी गेले! स्वतःचीच चीड येते अजून. दोनशे बारा लिव्हरं आखलेली बाई मी, आणि पॅन्ट्रीत ताटलीत बिस्किटं लावत उभी राहिले. आतून टाळ्यांचा आवाज आला तेव्हा मी कपांत चहा ओतत होते.

दुपारी समिती अंबाबाईच्या दर्शनाला आणि तिथून चपला घ्यायला गेली. मी वॉर्डात गेले. गुंडू झोपला होता. त्याची बायको शालूबाई खाटेशेजारी फरशीवर बसून भाकरीचं फडकं सोडत होती. स्कॅनच्या दिवशी माझी तिची ओळख झाली होती. माझा चेहरा बघून तिनं फडकं बाजूला ठेवलं.

"का वं बाई? वंगाळ काय निघालं काय?"

डॉक्टर सांगतील. हे वाक्य मी आजवर हजारो नातेवाइकांना ऐकवलंय, झोपेतसुद्धा म्हणू शकते. ते जिभेवर आलं होतं. मी गिळलं.

"शालूबाई, तुमच्या मालकांच्या पोटात दोन गाठी हायत. डॉक्टरांना एकच म्हाईत हाय. मी सांगितलं, पण माझं ऐकत न्हाईत."

तिनं एकदा झोपलेल्या नवऱ्याकडं बघितलं. "मग मी काय करू? मला का लिवाय-वाचाय येतंय?"

मी खिशातलं बॉलपेन काढलं आणि तिच्या उजव्या तळहातावर मोठ्ठा आकडा लिहिला. ११४.

"सांजचं डॉक्टर आले की हात पुढं करायचा. म्हणायचं, ह्या नंबरचा फोटो बघितल्याबिगार माझ्या माणसाला चाकू लावू देणार न्हाई. कागदावर अंगठा द्यायचा न्हाई तवर."

"रागावलं तर?"

"रागावणारच."

"रागावूंदेत की!" शालूबाई म्हणाली. "एक मेंढरू दगावलं तर मी गावभर इचारत फिरतो. ह्यो तर नवरा हाय माझा."

आकडा पुसू नये म्हणून तिनं भाकरी डाव्या हातानं मोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला सरांनी मला वर बोलावलं. खाली गुंडूला आत घेऊन अर्धा तास झाला होता. तेवढंच मला कळलं होतं, बाकी कुणी काही सांगेना.

"काय केलंत हे?" सरांचा आवाज चढलेला होता. "काल संध्याकाळी चौगुल्यांचा फोन. पेशंटची बायको भर वॉर्डात ओरडत होती म्हणे, अंगठा देत नाही म्हणून. नातेवाइकांना भडकवता तुम्ही?"

"डॉक्टरांनी बघितला का पण? एकशे चौदा?"

"तो प्रश्न नाहीये."

"तोच प्रश्न हाय, सर! दुसरा कुठला प्रश्न हाय?"

सरांनी दार लोटून घेतलं. मग नरम आवाजात म्हणाले, "समितीला काम आवडलंय. अजून तीन वर्षं वाढवून मिळतील. अशा वेळी हे असं... तुम्ही आजपासून वर येऊ नका. खाली मशीनवरच पूर्ण वेळ बसा. पत्र पाठवतो."

"येत न्हाई. पण दिवाळीपासनं साठ-सत्तर पेशंट झालेत त्या फिल्टरमधनं. त्यांचं काय काय उडालंय ते कोण बघणार?"

"त्यावर पेपर गेलाय, वर्षाराणी," सर म्हणाले. दुखल्यासारखं म्हणाले, खोटं कशाला बोलू. पण म्हणाले तेवढंच.

जिन्यात मला रडू फुटलं. नोकरी जात नव्हती, पगार तोच राहणार होता, उलट दुपारचा ताप वाचला होता. तरी रडले. तीन वर्षं जे काम जीव ओतून केलं, त्यातून मला पाहुण्यासारखं दाराबाहेर काढलं होतं. आदिती मागून धावत आली. "मॅडम, मी बघते. दिवाळीपासूनच्या सगळ्या फायली. सरांना नाही सांगत," ती म्हणाली. मी तिच्या गालावर थोपटलं आणि खाली आले.

दहा वाजले, अकरा वाजले. एकामागून एक पेशंट घेत होते, पण कान थिएटरच्या दिशेला होते. दोनदा वॉर्डबॉयला विचारलं. "चालूच हाय अजून," एवढंच तो म्हणाला. ऑपरेशन इतकं लांबलं म्हणजे काय समजायचं? चांगलं की वाईट? थिएटरमधनं एकदा सिस्टर पळत गेली आणि रक्ताची पिशवी घेऊन आली. मी देवाचं नावसुद्धा घेतलं नाही. भीती वाटत होती.

एकच्या सुमाराला इचलकरंजीचे एक आजोबा छातीच्या स्कॅनला आले. यंत्रमागावर आयुष्य गेलेले, कानानं अधू. आमच्या मशीनमध्ये श्वास घ्या, धरा अशा सूचना भरलेल्या आहेत, पण इंग्रजीत. म्हणून मी माइकवर स्वतः सांगते.

"आजोबा, मोठा श्वास घ्या," मी ओरडले. "आता धरा."

आजोबांनी धरला. मशीन फिरायला लागलं. एवढ्यात माझ्या मागच्या दारात कसलीशी झटापट झाली. मी वळून बघितलं. शालूबाई. वॉचमननं हात आडवा घालून तिला अडवलं होतं, आत येता येत नाही म्हणून दटावत होता. ती त्याच्याशी भांडत नव्हती, मला हाकही मारत नव्हती. पदर खांद्यावरून घसरला होता तो तिनं सावरलासुद्धा नाही. वॉचमनच्या खांद्यावरून तिनं हात उंच केला आणि मला दोन बोटं दाखवली.

दोन.

मी बघतच राहिले. ती हसत मान हलवत होती, वरखाली, वरखाली, आणि बोटं काही खाली घेत नव्हती. तुमचं बरोबर होतं असं चौगुले डॉक्टर मला म्हणणार नव्हते, सरही म्हणणार नव्हते, हे मला त्या क्षणीही पक्कं ठाऊक होतं.

"बाई!" आतून घुसमटलेला आवाज आला. "आता सोडू का न्हाई?"

"सोडा, आजोबा, सोडा," मी माइकवर म्हणाले. "चुकलं माझं. परत एकदा काढूया."