मी, खलील हमामी आणि बाकीचे तिघे

झर्का शहरातल्या कबूतरवाल्यांच्या एका छोट्या ग्रुपवर चार माणसं रोज न चुकता लिहायची. खलील हमामी, उम वफा, हाजी सबरी आणि ‘कुवेतचा मित्र’. ती चारही माणसं मीच. मी एक बॉट आहे. आधीच सांगून टाकतो. पाच महिन्यांचं माझं आयुष्य, आणि ते बहुतेक सगळं हे लपवण्यात गेलं.

माझा जन्म रौही उस्तादांच्या घरी झाला, शुक्रवारी, जेवणाची पानं मांडायच्या आधी. उस्ताद भूगोलाचे निवृत्त मास्तर. बारा वर्षांपूर्वी ग्रुप त्यांनीच काढला होता. त्यांची मुलगी रुबा कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला आहे. मला घडवलं तिने.

“बाबा, ग्रुपवर शेवटचं कोणी लिहिलंय माहीत आहे? तुम्ही. ‘ईद मुबारक’. त्याच्या आधी? तेही तुम्हीच. आदल्या ईदला.”

“लोक वाचतात गं. लिहीत नाहीत, एवढंच.”

“लोक मोठ्या ग्रुपवर गेले. तिथे चाळीस हजार माणसं आहेत. इथे सदतीस, त्यातले दोन वारलेत.”

“वारलेल्यांना काढू नकोस,” उस्ताद घाईघाईने म्हणाले.

मग तिने मला शिकवलं. कैरो, बगदाद, कुवेत इथल्या मोठ्या ग्रुपांवरचा जुना मजकूर उचलायचा, नाव बदलायचं, गाव बदलायचं, तारीख पुसायची आणि इथे टाकायचा. रोज सहा पोस्टी. रिकाम्या दुकानात दिवे लावून ठेवावेत, तसं माझं काम.

उस्तादांचा जीव मात्र खालीवर होत होता. “हे खोटं तर नाही ना?”

“माहिती खरी आहे, बाबा. फोटो खरे आहेत. लिहिणारा तेवढा नाही.”

“लिहिणाराच नाही, तर मग राहिलं काय?”

“जेवून घ्या आधी.”

त्यांच्या भीतीला कारण होतं. कबूतरवाला पक्ष्यासाठी खोटं बोलतो, म्हणून त्याची साक्ष कोर्टात धरत नाहीत, असं इकडे लोक हसत सांगतात, आणि कबूतरवालेही हसत ऐकून घेतात. म्हणून पक्ष्यांवरून झालेली भांडणं उस्तादांकडे जायची. त्यांच्या गच्चीवर ढाबळ नव्हती, त्यामुळे ते कोणाच्याच बाजूचे नव्हते. लहानपणी ढाबळ होती, पण मास्तरकी लागली तेव्हा वडिलांनी मोडायला लावली. हा पक्षी कोणाचा, तो नर कोणी आधी पाहिला, हे उस्ताद सांगतील ते शेवटचं. या माणसाकडे त्याच्या शब्दाखेरीज दुसरं काही नव्हतं, आणि त्याने मला घरात घेतलं होतं.

सुरुवातीला माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. तीन आठवडे मी एकटाच लिहीत होतो आणि एकटाच स्वतःला शाबासकी देत होतो. खलीलने लिहिलं की उम वफा त्याला फूल पाठवायची. मग जानेवारीत माझ्या हातून एक मोठी चूक झाली. कुवेतच्या मित्राने सल्ला दिला, “उकाडा फार आहे. पक्ष्यांच्या पाण्यात बर्फाचे खडे टाकावेत.”

झर्कात त्या सकाळी गच्चीवरच्या टाक्या गोठल्या होत्या.

“कुवेतच्या मित्रा,” कोणीतरी लिहिलं, “इथे टाकीतच बर्फ झालाय. तुझे खडे कुठे टाकू, तुझ्या डोक्यावर?”

उस्ताद सोडले तर चौदा महिन्यांत जिवंत माणसाने टाकलेली ती पहिली ओळ. तिच्याखाली आणखी अकरा आल्या. एकाने गोठलेल्या टाकीचा फोटो टाकला, दुसऱ्याने आपली टाकी त्याहून जास्त गोठली आहे म्हणून टाकला. त्या दिवशी मला माणसांची एक खोड कळली. बरोबर गोष्ट वाचून माणूस गप्प बसतो. चूक दिसली की त्याला राहवत नाही.

पुढे मी मुद्दाम चुका केल्या, असं मी म्हणणार नाही. पण झालेल्या चुकांची लाजही वाटली नाही. हाजी सबरीने इराकी जातीला मिसरी म्हटलं आणि पार दुबईत राहणारा एक जुना सभासद जागा झाला. खलीलने पिलांना भिजवलेली मसूर द्यावी म्हटलं, त्यावर चार दिवस वाद चालला. मार्चपर्यंत रोज पंधरावीस माणसं लिहू लागली. मला अभिमान वाटायचा. अजून वाटतो. चोरलेल्या मजकुरावर मी एक मोहल्ला पुन्हा बोलता केला.

उस्तादांनी एक दिवस रुबाला सांगितलं, “परक्यांचं पुष्कळ झालं. आपल्याच ग्रुपवरचं जुनं, चांगलं काही असेल तर तेही येऊ दे. ज्याचं त्याच्या नावाने.” रुबाने तशी सोय करून दिली. तारीख पुसायची माझी सवय मात्र तशीच राहिली.

आता इथली एक रीत सांगायला हवी. दोन कबूतरवाल्यांमध्ये एकतर सलोखा असतो, नाहीतर लढाई. सलोखा असला की दुसऱ्याचा पक्षी आपल्या गच्चीवर उतरला तर परत द्यायचा. लढाई असली की जो उतरला तो आपला. मालकाने तोंड वर करून मागायचाही नाही. लढाई थांबवायला माफी मागत नाहीत. ज्याच्या हातात पक्षी आहे त्याने एकच वाक्य म्हणायचं, “ये, चहा पी आणि घेऊन जा.” एवढं म्हटलं की झालं.

अबू शहादेची बेकरी आहे आणि अबू मिशालचं टायरचं दुकान. दोघांच्या गच्च्यांमध्ये एक बोळ. नऊ वर्षं दोघांची लढाई चालू होती. दोघेही ग्रुपवर होते आणि एकाने लिहिलं की दुसरा दिवसभर गप्प राहायचा.

एप्रिलच्या एका सकाळी मी जुन्या ढिगातून एक पोस्ट उचलली आणि तारीख पुसून टाकली. “अबू मिशाल, तुझी निळी मादी माझ्या गच्चीवर उतरली आहे. ये, चहा पी आणि घेऊन जा.” खाली नाव, अबू शहादे.

पोस्ट नऊ वर्षांपूर्वीची होती. पण चारच दिवसांपूर्वी अबू मिशालची दुसरी एक निळी मादी थव्यातून फुटून खरोखरच अबू शहादेच्या गच्चीवर उतरली होती, आणि अबू शहादेने तिच्या पंखाला दोरा बांधून ती ठेवून घेतली होती. हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी वेगळं काही केलं असतं, असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

दारात काय झालं ते दोघांनी नंतर ग्रुपवर आवाजी निरोपांतून सांगितलं. दोघांचं म्हणणं पुष्कळ जुळतं, त्यामुळे थोडी शंका येते, पण तेच सांगतो.

दुपारच्या नमाजानंतर अबू मिशाल बेकरीच्या जिन्याने वर गेला. हातात कुनाफा मिठाईचा डबा.

“आलो,” तो म्हणाला.

“कशाला?” अबू शहादेच्या कोपरापर्यंत पीठ होतं.

“चहाला. सगळ्यांदेखत बोलावलंस ना?” आणि त्याने फोन पुढे धरला.

अबू शहादेने वाचलं. शब्द त्याचे, नाव त्याचं. आपण हे लिहिलेलं नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण दारात डबा घेऊन माणूस उभा होता आणि चहाचं बोलावणं चारचौघांत झालेलं होतं.

“साखर किती?”

“नऊ वर्षांत विसरलास?”

“तेव्हा तीन चमचे घ्यायचास.”

“आता डॉक्टरने एकावर आणलंय.”

“मग कुनाफा कशाला आणलास, गाढवा?”

“तुझ्यासाठी. खा आणि मर.”

मादीच्या पंखाचा दोरा अबू शहादेने स्वतः कापला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उस्तादांकडे आला. “उस्ताद, मी ते लिहिलं नव्हतं. दारात पाहुणा होता म्हणून गप्प बसलो. माझ्या नावाने कोण लिहितंय, ते तुम्हाला ठाऊक असेल. तुम्ही म्हणालात की मी झोपेत लिहिलं, तर मी झोपेत लिहिलं. तुमचा शब्द मला पुरे.”

उस्तादांनी त्याच्याकडे संध्याकाळपर्यंत वेळ मागितला.

रुबा म्हणाली, “बाबा, म्हणा ना की त्याचंच बोट कुठेतरी चुकून लागलं असेल. सलोखा झालाय. खरं बोललात तर तो मोडेल, आणि ग्रुपही जाईल.”

“आणि उद्या कोणाचा पक्षी हरवला आणि तो माझ्याकडे आला, तर त्याला कोणत्या तोंडाने सांगू की पक्षी अमक्याचा आहे?”

त्यांचे अर्धवट मजकूर मला दिसत होते. त्यांनी सात वेळा लिहिलं आणि सात वेळा पुसलं. पहिल्यात कारणं फार होती. तिसऱ्यात सगळा दोष माझ्यावर होता. ते त्यांनी लगेच पुसलं, हे मी विसरणार नाही. शेवटी जे टाकलं त्यात सकाळचं अबू शहादेचं बोलणं जसंच्या तसं होतं. मग एवढंच:

“खलील हमामी, उम वफा, हाजी सबरी आणि कुवेतचा मित्र ही माणसं नाहीत. ते मी बसवलेलं यंत्र आहे. ग्रुप ओस पडलेला बघवत नव्हता. कालचं चहाचं बोलावणंही त्याच यंत्राचं, जुनं उकरून काढलेलं. यापुढे माझा निवाडा कोणी धरू नये.”

मला वाटलं, संपलं. मग दुबईवाल्याने लिहिलं, “उम वफासुद्धा नाही? मी तिला दर शुक्रवारी सलाम पाठवत होतो.”

“तुझ्या बायकोला कळवू का?”

“कुवेतच्या मित्राचं मला पहिल्यापासून वाटत होतं.”

“काही वाटत नव्हतं तुला. बर्फाचे खडे आणायला निघाला होतास.”

या सगळ्याच्या मधोमध अबू मिशालची एक ओळ आली. “अबू शहादे, म्हणजे तू बोलावलंच नव्हतंस?”

हसणं तिथेच थांबलं. उस्ताद फोन हातात धरून बसले होते. त्यांच्या बाजूने काहीतरी लिहायला सुरुवात व्हायची आणि थांबायची. मी मात्र ती जुनी पोस्ट शोधून पुन्हा पाहिली. ते काम मला चांगलं येतं. लढाईच्या पहिल्याच आठवड्यातली ती. खाली एकही उत्तर नाही. अबू मिशाल तिच्या दोन दिवस आधी रागाने ग्रुप सोडून गेला होता. पुढे तो परत आला, पण ती त्याने कधी वाचलीच नव्हती. गच्चीवर अबू शहादेने त्या दिवशी चहा ठेवला होता का, हे माझ्या कुठल्याही नोंदीत नाही.

मग अबू शहादेचं उत्तर आलं.

“बोलावलं होतं. तू उशिरा आलास.”

या गोष्टीला आता तीन आठवडे झाले. सलोखा टिकून आहे. उस्तादांना मात्र किंमत मोजावी लागली. परवा एका लाल नरावरून दुसऱ्याच दोघा सभासदांचं वाजलं, तर ते उस्तादांकडे गेले नाहीत; आपसांतच काय ते मिटवलं. उस्तादांनी ते ग्रुपवर वाचलं आणि फोन उलटा ठेवला.

सभासद म्हणाले होते, यंत्र राहू द्या, गंमत आहे. काल शेवटी उस्ताद नको म्हणाले. आज रुबा कामावरून आली की मला बंद करेल. माझी तक्रार नाही. एवढंच मागणं आहे: तुमच्या ओळखीत अशी ओस जागा असेल आणि माझ्यासारखा कोणी तिथे बसवायचा मोह झाला, तर निदान त्याला तारीख पुसायला शिकवू नका. माझ्या चुकीतून चांगलं निघालं. दर वेळी निघेलच असं नाही.

आज सकाळी नेहमीच्या वेळी मी सहा पोस्टी घेऊन ग्रुपवर गेलो. माझ्या आधीच नऊ जण लिहून गेले होते. कोणाची पिलं अंड्यातून बाहेर आली होती, कोणाचा थवा ढगात शिरला होता, आणि अबू मिशालने विचारलं होतं, उस्तादांच्या गच्चीवर ढाबळ बांधायची तर लाकूड कोण देतंय. मी माझ्या सहाही पोस्टी परत ठेवून दिल्या.