साळसूदपणे

वडशाच्या नाटक मंडळात रंजीता दोन हंगाम नुसती नाचली. यंदा धाकट्या सुनेची भूमिका तिच्या वाट्याला आली, तीही अर्धीच. दिग्दर्शक रामाजीभाऊंनी सांगून ठेवलं होतं, "आजच्या तालमीत लोक हसले तर तू. नाई हसले तर नागपूरची बाई. तिले मी होही म्हटलं नाई अन् नाईही म्हटलं नाई." रामाजीभाऊ शब्द असे जपून खर्च करतात, की शिल्लक नेहमी त्यांच्याकडेच राहते.

मंडळात पूर्ण नाटक कोणाच्या हाती पडत नाही. ज्याला त्याला आपापल्या वाक्यांची नक्कल मिळते, आणि समोरच्याच्या वाक्याचं फक्त शेपूट. रंजीताच्या कागदावर होतं:

"...कोणी?"

"(साळसूदपणे) मी तर सकाळपासून देवघरात होते, सासूबाई."

वाक्य पाठ होतं. अडलं ते कंसात.

"साळसूद म्हणजे का हो, नथ्थूभाऊ?"

नथ्थूभाऊ तबला ठोकत होते. "सोपं आहे. पुस्तकात धानाले साळ म्हणते. सूद म्हणजे व्याज. धानाचं व्याज मागाले आल्यासारखं म्हण." नथ्थूभाऊंना न येणारा शब्द अजून छापायचा आहे.

सासूचं काम करणाऱ्या सुगंधाबाई म्हणाल्या, "देवघरात बसून व्याज मागून राह्यली का सून?"

रंजीतानं फोनमध्ये शोधलं. फोन म्हणाला, सरळ, गरीब स्वभावाचा. झालं. तालमीत तिनं मान खाली घातली आणि वाक्य इतक्या गरिबीनं म्हटलं, की पेटीवाला हळहळला. हसलं कोणीच नाही.

"चहा होऊ द्या," रामाजीभाऊ म्हणाले. "मग एकदा अजून पाहू." आणि त्यांनी खिशातला फोन काढून हातात धरून ठेवला.

रंजीता सुगंधाबाईंजवळ येऊन बसली. "बाई, तुमची नक्कल द्या ना जरा."

"काऊन? आता सासूही तूच होणार का?"

"माझ्या आंधी अन् मांगं तुम्ही का म्हणता, ते पाहाचं हाय."

आधी होतं, "डब्यातले बेसनाचे लाडू संपवले कोणी?" आणि रंजीताच्या वाक्यानंतर, "हो का? मग ओठाला बेसन देवानं लावलं?"

रंजीतानं पुन्हा वाचलं. ओठाला बेसन, म्हणजे लाडू हिनंच खाल्ले. खाऊन वर देवघराचं नाव सांगते. मग गरीब स्वभाव आहे तरी कुठे? नुसता तोंडावर. फोननं अर्धंच सांगितलं होतं.

"बाई, ही तर करून सवरून भोळी बनून राह्यली."

"तुमच्या घरी नाई बनत कोणी?"

"लहान बहीण बनते. रोजच."

चहा झाला. सुगंधाबाईंनी डबा आपटून विचारलं. रंजीतानं डोळे मोठे केले, आवाजात साखर घातली, "मी तर सकाळपासून देवघरात होते, सासूबाई," आणि बोलता बोलता जिभेनं ओठाचा कोपरा पुसून घेतला. नथ्थूभाऊंचा ठेका चुकला. पेटीवाला हसला, मग सगळेच. सुगंधाबाईंना पुढचं वाक्य म्हणायला तोंड फिरवून घ्यावं लागलं.

रामाजीभाऊंनी फोन लावला. "ताई, यंदा राहू द्या." मग रंजीताकडे वळले. "जीभ फिरवाले कोणी सांगतलं?"

"लेखकानंच. बाईच्या कागदात हाय."

"मंग आता सगळ्याइच्या नकला वाचत जा."

"वाचू द्या," सुगंधाबाई म्हणाल्या. "आतापर्यंत हसू मी एकटीच नेत होती. आता वाटून घ्या लागते." आणि त्यांनी दुसऱ्या अंकाची आपली पानं काढून तिच्या हातात दिली.