टोपीकडे वळणारे हात

त्या दिवशी वेगळं असं काहीच नव्हतं. कारखान्यातला पट्टा खडखडत होता, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या एकीमागे एक मुकाट चालल्या होत्या, आणि पट्ट्यावर देखरेख करणारे मास्तर नेहमीसारखे हात पाठीमागे बांधून फेऱ्या मारत होते. उद्या ते नसतील, हे मला कुठून कळणार?

मित्रांनो, मी आहे एक जुनी लाल दोरी. पट्ट्याच्या वर, सगळ्यांच्या हाताला येईल अशी मला ताणून बांधली आहे. काही चुकतंय असं वाटलं, की कुणीही मला ओढायचं. पट्टा जागच्या जागी थांबतो.

माझा लाल रंग मधोमध काळपट झाला आहे. तो माणसांच्या हातांचा मळ. मला त्याचा अभिमान वाटे. मला ओढलं की मास्तर धावत येत आणि काही विचारण्याआधी म्हणत, "बरं केलंस. आता सांग, काय झालं?" ओढणाऱ्याचा जीव भांड्यात पडे. कधी कारण निघायचं, कधी नाही. शब्द मात्र तेच.

मग नवे साहेब आले. त्यांनी नियम केला, की जो दोरी ओढेल त्याने केबिनमध्ये येऊन खुलासा द्यायचा. तेव्हापासून मी स्वच्छ राहू लागले. मित्रांनो, दोरी स्वच्छ राहणं हे काही चांगलं लक्षण नव्हे.

मास्तरांची लेक माणसं कामावर कशी वागतात याचा अभ्यास करत होती. साहेबांची परवानगी काढून ती भिंतीपाशी स्टुलावर बसून राही. बापाशी कामाव्यतिरिक्त फारसं बोलत नसे. दोघंही तसेच, तोंडात मूग धरून बसणारे. पण आदल्या दिवशी डबा खाताना ती म्हणाली, "बाबा, यांचे हात दोरीकडे जातात आणि मध्येच वळून डोक्यावरची टोपी नीट करतात. टोपी नीटच असते. आणि त्याआधी सगळे तुमच्या तोंडाकडे बघतात."

"माझ्या तोंडाकडे? एवढं काय आहे त्यात बघण्यासारखं?" मास्तर हसले.

"तुम्ही 'बरं केलंस' म्हणता ना, ते म्हणाल का, हे बघतात."

"मी असं म्हणतो?" त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

तर त्या दिवशी साहेब पाहुण्यांना कारखाना दाखवत होते. नेमकी तेव्हाच पट्ट्यावरच्या मावशींना एक बाटली दिसली. तोंडाचा टवका उडालेली. मावशींचा हात वर आला. माझ्यापासून बोटभर अंतरावर थांबला. साहेब बघत होते. हात वळला आणि टोपी नीट करू लागला.

बाटली पुढे सरकली. आता तिच्यावर झाकण बसणार होतं.

पलीकडच्या टोकाहून मास्तरांनी तो हात पाहिला. ते धावले आणि त्यांनी मला सगळ्या ताकदीनिशी ओढलं.

पट्टा थांबला. इतकी शांतता, की माझा हेलकावासुद्धा ऐकू येईल.

"वा, मास्तर! पाहुण्यांसमोरच मुहूर्त सापडला का?" साहेब म्हणाले.

"टवका उडालाय, साहेब. काच आत गेली असेल, तर कुणाच्या तरी लेकराच्या पोटात जाईल."

"केबिनमध्ये या."

मास्तरांनी लेकीकडे पाहिलं. तिचे ओठ उघडले होते. पण परवानगी साहेबांची होती. तिने मान खाली घातली. मास्तरांचा हात हळूच वर गेला आणि त्यांनी आपली टोपी नीट केली. ती नीटच होती.

संध्याकाळी ते औषध गाळलं, तेव्हा गाळणीत काचेचा तुकडा निघाला. पहाटे मास्तर झोपेतच गेले.

मित्रांनो, मला तेलपाणी नको, नवा रंग नको. एवढंच मागते, की तुम्हाला कुणी थांबवलं तर आधी त्याच्यावर डोळे वटारू नका. माझी गाठ कितीही पक्की असली, तरी माणसाचा हात माझ्यापर्यंत पोचतो तो कुणाच्या तरी दोन शब्दांच्या भरवशावर.

काही दिवसांनी लेक मास्तरांची टोपी न्यायला आली. ती टोपी हातात घेऊन दाराशी उभी होती, तेवढ्यात पट्ट्यावर एक बाटली आडवी झाली. मावशींचा हात वर आला. साहेब समोरच होते. हात थांबला, आणि मग त्याने मला घट्ट धरून ओढलं.

पट्टा थांबला. सगळे वाट पाहत राहिले. कशाची, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. साहेबांनी तोंड उघडलं.

"बरं केलंत, मावशी," दारातून आवाज आला. मास्तरांची लेक सगळ्यांच्या देखत चालत पट्ट्यापाशी आली. माझ्या काळपट भागावर तिने हात ठेवला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने ती म्हणाली,

"बरं केलंत, बाबा."