शेजारच्या गल्लीतली लिफ्ट

स्पर्धा आयोगाच्या ऑफिसात तिला सगळे ‘दवंडीताई’ म्हणत. बाकीचे अधिकारी कंपन्यांच्या चौकशा करत, सुनावण्या घेत. हिचं काम गावभर हिंडून सांगायचं, की बाबांनो, धंदेवाल्यांनी आपसांत संगनमत करून भाव ठरवणं, गिऱ्हाइकं वाटून घेणं कायद्यात बसत नाही. तसं कुठे दिसलं तर आमच्याकडे या. लोक ऐकत, चहा पीत, पत्रकाने वारा घेत आणि घरी जात. पालथ्या घड्यावर पाणी! पण हिचा हुरूप काही ओसरत नसे.

त्या वर्षी समुद्रापलीकडच्या एका देशाच्या आयोगाशी सहकार्याचा करार झाला आणि तिथला एक अधिकारी काम पाहायला इकडे आला. उंच, अबोल, सदा नीटनेटका. साहेबांनी त्याला ताईच्या गळ्यात बांधलं. “यांना तुमच्या सभांना न्या,” ते म्हणाले. तिला मनातून आनंदच झाला. एवढ्या वर्षांत तिची सभा शेवटपर्यंत ऐकणारा हक्काचा माणूस पहिल्यांदाच मिळाला होता!

पहिलीच सभा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांची होती, भाजीबाजारावरच्या हॉलमध्ये. खालून हमालांचा ओरडा, वर पंख्यांची घरघर. पाहुण्याशेजारी दुभाषी बसली होती, त्याच्या कानात भाषांतर पुटपुटत. ताईचं बोलून झालं, चहा आला. तेवढ्यात मागच्या रांगेतला एक जाडजूड मिस्त्री उठला.

“मॅडम, एक विचारू? आमच्या शेजारच्या गल्लीत लिफ्ट बंद पडली, तर मी तिथे जाऊ शकतो का?”

“का नाही? खुशाल जा.”

“जाता येत नाही हो. ती गल्ली दुसऱ्या कंपनीकडे आहे. आम्हाला माल देणारी कंपनी म्हणते, तिकडे पाऊल टाकलंस तर तुझे सुटे भाग बंद. आणि त्यांचे लोक आमच्या गल्लीत येत नाहीत. दोन्ही कंपन्यांच्या वरच्या लोकांचं तसं ठरलंय म्हणे.”

 शेजारच्याने मिस्त्रीचा शर्ट ओढला, तसा तो चपापून खाली बसला. इकडे पाहुण्याच्या हातातला कप अर्ध्यावरच थांबला होता. दोन्ही कंपन्यांची मुख्य ऑफिसं त्याच्याच देशात होती, आणि त्यांच्याविषयी तिथेही कुजबुज होती. पण बोलायला कोणी तयार नव्हतं.

सभा संपल्यावर ताईने मिस्त्रीला जिन्यात गाठलं. “दादा, एकदा ऑफिसात या. तुमचं नाव बाहेर फुटणार नाही.”

“बघतो,” तो म्हणाला, आणि तिच्या नजरेला नजर न देता जिना उतरला.

दिवस जाऊ लागले. मिस्त्रीचा पत्ता नाही. पाहुण्याची परत जायची वेळ जवळ आली, म्हणून ताईने त्याला घरी जेवायला बोलावलं. तिच्या सासूबाईंना त्याच्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं, पण त्यांचं काही अडलं नाही. त्या वाढत राहिल्या, तो पोटावर हात ठेवून नको नको म्हणत राहिला. “खाऊ दे गं त्याला,” त्या सुनेला म्हणाल्या, “कोणाच्या तरी आईचा लेक आहे.” तिने हे मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं, तेव्हा तो अबोल माणूस खो खो हसला आणि फोनमधला आपल्या आईचा फोटो काढून सासूबाईंना दाखवू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री ऑफिसच्या दारात हजर! आला नव्हता, बायकोने धरून आणला होता.

“विचारा यांना काय ते,” ती खुर्चीवर टेकत म्हणाली. “सभेपासून झोप नाही माणसाला. आणि हे घोरले नाहीत, तर मलाही झोप लागत नाही.”

मिस्त्रीने सगळं सांगितलं: कोण बोललं, कुठे, काय शब्द वापरले. शेवटी ताईने अडचणीचा प्रश्न काढला. “हे आम्हाला पाहुण्यांच्या ऑफिसालाही कळवायचंय. पण तुमची परवानगी असेल तरच.”

“म्हणजे माझं नाव समुद्रापार जाणार?” त्याच्या कपाळावर घाम आला.

पाहुणा दुभाषीकरवी सावकाश बोलला, “आमच्याकडेही तुमच्यासारखे मिस्त्री आहेत. ते घाबरून गप्प आहेत. तुमचं नाव मी माझ्या आईलासुद्धा सांगणार नाही.”

मिस्त्रीने बायकोकडे पाहिलं. “सांगून टाका आता,” ती म्हणाली, “डोकं आत गेलंय, शेपूट कशाला बाहेर ठेवता?” त्याने मान डोलावली.

पुढे दोन्ही देशांतली पथकं एकाच वेळी त्या कंपन्यांच्या ऑफिसांत शिरली. एकीला दुसरीला सावध करायला सवडच मिळाली नाही. चौकशी बरीच लांबली, कंपन्यांच्या वकिलांनी आकाशपाताळ एक केलं, पण निकाल लागला. गल्ल्यांची वाटणी मोडली, दोघींना जबर दंड झाला, आणि सुटे भाग मागेल त्या मिस्त्रीला द्या असा हुकूम निघाला.

मग एके दुपारी मिस्त्री ताईला बाजारात भेटला. खांद्यावर हत्यारांची पिशवी, चेहरा मात्र आंबट.

“मॅडम, तुमच्या कृपेने आता माझ्या गिऱ्हाइकांकडे चार जण घिरट्या घालतात.”

“अरेरे. मग?”

“मग काय? मी त्यांच्याकडे घालतो.” आणि त्याला हसू आवरेना. “बायको म्हणते, आता तुम्ही वेळेवर जायला लागलात कामाला.”

ताईही हसली. पाहुण्याच्या ऑफिसाने तिला तिकडच्या मिस्त्र्यांपुढे बोलायला बोलावलं होतं, त्यासाठी ती नवी बॅग घ्यायला निघाली होती. मिस्त्रीनेच पुढे होऊन दुकान दाखवलं. “पण लगेच घेऊ नका हं,” तो म्हणाला, “पलीकडच्या दुकानात आधी भाव विचारा.”